हदीस सांगणारा माणूस भरवशाचा, हे ठरवायचे कसे?

पाणकोळी:
मंडळी, सध्या अब्बासी काळाचा इतिहास वाचतोय. हौशी वाचक आहे, अरबीचा गंध नाही, सगळी भिस्त भाषांतरांवर. एक शंका काही केल्या सुटत नाही, म्हणून हा धागा.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. हदीस म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याची सांगत आलेली आठवण. हदीसीचे दोन भाग असतात. सनद म्हणजे कोणी कोणाकडून ऐकलं त्या माणसांची साखळी, आणि मतन म्हणजे प्रत्यक्ष मजकूर. पैगंबरांचं निधन इ.स. ६३२चं, हदीसींचा प्रसिद्ध संग्रह करणाऱ्या इमाम बुखारींचं ८७०चं. मधल्या साखळीत चार, पाच, सहा माणसं. या एकेका माणसावर, म्हणजे रावीवर, शेरे मारलेले प्रचंड ग्रंथ आहेत. हा विश्वासू, हा खरा पण विसराळू, हा कच्चा, हा टाकाऊ, हा खोटारडा.

शंका अशी की शेरा मारणाऱ्याने बऱ्याचदा तो माणूस डोळ्यांनी पाहिलेलाही नसतो. 'अ' चांगला असं 'ब' सांगतो, 'ब' चांगला असं 'क'. मग हा चारित्र्याचा दाखलाच झाला ना? आणि कॉलेज सोडताना मिळणाऱ्या त्या दाखल्यावर 'गुड' सोडून दुसरं काही लिहिलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

जाणकारांनी प्रकाश टाकावा. श्रद्धा-अश्रद्धेचा वाद नको, पद्धतीबद्दल बोलू.

खडूस_आजोबा:
पद्धतीबद्दल बोलू म्हणणारे धागे तिसऱ्या प्रतिसादात घसरतात. बघू या.

दापोलीकर:
आजोबा, तिसरा प्रतिसाद माझाच आहे, सांभाळून लिहितो :)

पाणकोळी, शंका रास्त आहे. पण तुम्ही धरून चालला आहात की हे लोक आधी माणूस तपासायचे आणि तो पास झाला की त्याची हदीस घ्यायचे. पुष्कळदा हे उलट्या बाजूने व्हायचं.

रावीत दोन गोष्टी लागतात. एक अदालत, म्हणजे खोटं न बोलणं, आचरण, लौकिक. दुसरी जब्त, म्हणजे ऐकलेलं जसंच्या तसं सांभाळायची कुवत, मग ते पाठ असो की वहीत. पहिली गोष्ट शेजारीपाजारी सांगू शकतात. दुसरी नाही सांगू शकत. त्यासाठी त्या माणसाच्या हदीसी घ्यायच्या, त्याच गुरूच्या बाकीच्या शिष्यांनी काय सांगितलं ते जमवायचं आणि ओळीला ओळ लावून बघायची.

बगदादच्या याह्या इब्न मईन यांचा (मृत्यू इ.स. ८४८) किस्सा इब्न हिब्बानने नोंदवला आहे. बसऱ्याचे हम्माद इब्न सलमा हे नावाजलेले गुरू. त्यांच्या हदीसी लिहून घ्यायला इब्न मईन त्यांचे शिष्य मूसा इब्न इस्माईल यांच्याकडे गेले. मूसांनी विचारलं, "या आधी कुणाकडून घेतल्या नाहीत?" म्हणाले, "सतरा जणांकडून घेतल्या, तुम्ही अठरावे." "एवढं कशाला?" तर उत्तर असं की हम्माद अधूनमधून चुकत. त्यांची चूक कोणती आणि शिष्याची कोणती, हे वेगळं काढायचं आहे. सगळे शिष्य एकच चूक सांगत असतील तर ती हम्माद यांची. एकटाच वेगळं सांगत असेल तर ती त्या एकट्याची.

यात चारित्र्याचा दाखला कुठे आहे? 'कच्चा' हा शेरा पुष्कळदा अशा पडताळणीतून आलेला असतो. म्हणूनच शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाबद्दलही तो देता येतो. माणूस गेला तरी त्याच्या हदीसी शिष्यांच्या वह्यांत राहतात.

चहाटळ:
तेच ते अठरा वेळा! आमच्या ऑफिसात एक मिनिट्स ऑफ मीटिंग दोघांनी लिहिली तर तिसऱ्या मीटिंगला मारामारी होते.

संख्याशास्त्री:
किस्सा फक्कड आहे, पण त्यात एक गृहीतक लपलंय. अठराही शिष्यांनी स्वतंत्रपणे ऐकलं, असं. ते एकाच मशिदीत, एकाच दिवशी, एकमेकांच्या वहीत डोकावत बसले असतील तर अठरा साक्षी नाहीत, दीड साक्ष आहे. एकाने दुसऱ्याची हदीस उचलून "मीच गुरूंकडून ऐकली" म्हटलं तर कळणार कसं?

दापोलीकर:
या उचलेगिरीला त्यांच्याकडे नावच आहे. 'सरिका', म्हणजे हदीसचोरी. एखादी हदीस एकाच शिष्याकडून येते हे सगळ्यांना ठाऊक असायचं. मग अचानक दुसरा उगवतो आणि म्हणतो मीही ऐकली. शेरा तयार: "हदीसी चोरतो."

याहून चलाख प्रकार म्हणजे तदलीस. यात उघड खोटं नसतं. "मी ऐकलं" न म्हणता "अमुक यांच्याकडून" असं मोघम म्हणायचं आणि मधला कच्चा माणूस गाळून टाकायचा. हुशैम नावाचे मोठे रावी यासाठी प्रसिद्ध होते. शिष्यांनी ठरवलं, आज यांची तदलीस चालू द्यायची नाही. हुशैमना सुगावा लागला. ते दर हदीसीला म्हणत गेले, "हुसैन आणि मुगीरा यांनी सांगितलं..." आणि शेवटी विचारलं, "आज केली का मी तदलीस?" "नाही." "मुगीरांकडून मी एक अक्षर ऐकलेलं नाही. हुसैन यांनी 'सांगितलं', आणि मुगीरांचं नाव नुसतं घेतलं."

माणूस बाकी पक्का. म्हणून निकाल असा की हुशैम "मी ऐकलं" म्हणाले तर घ्यायचं, मोघम बोलले तर थांबायचं. पुढच्या काळातले मोठे हदीसपंडित इब्न हजर यांनी अशा लोकांचे पाच गट पाडले, कोणाची तदलीस खपवून घ्यायची आणि कोणाची नाही.

चहाटळ:
हुशैम यांना आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीपदासाठी माझं मत.

रेवती_ग:
पण हे सगळं म्हणजे लोकांच्या पाठीमागे त्यांची उणीदुणी काढणं. इस्लाममध्ये गीबत, म्हणजे चहाडी, मोठं पाप मानतात ना? "हा खोटारडा" असं ग्रंथात लिहून ठेवताना या धार्मिक मंडळींचा हात अडखळला नाही?

दापोलीकर:
अडखळला तर. अहमद इब्न हंबल यांना अबू तुराब नावाच्या सूफींनी तोंडावर सांगितलं की विद्वानांची चहाडी करू नका. त्यांचं उत्तर: ही चहाडी नाही, हितोपदेश आहे. लोकांचा धर्म ज्या शब्दांवर उभा राहणार, ते शब्द कोणाच्या तोंडून आले हे सांगणं कर्तव्यच आहे, अशी भूमिका.

अली इब्न अल-मदिनी (मृत्यू इ.स. ८४९) यांना तर त्यांच्या वडिलांबद्दल विचारलं गेलं. वडीलही रावी होते. आधी म्हणाले, दुसऱ्या कुणाला विचारा. लोकांनी पुन्हा विचारलं. त्यांनी मान खाली घातली, मग वर करून म्हणाले, "हा धर्माचा प्रश्न आहे. माझे वडील कच्चे आहेत."

आणि रेवतीताई, 'धार्मिक मंडळी' म्हणालात म्हणून सांगतो. सगळ्यात जास्त संशय धार्मिक मंडळींवरच घेतला जायचा. याह्या अल-कत्तान यांचं म्हणणं असं की हदीसीच्या बाबतीत सज्जन लोक जितकं खोटं बोलतात तितकं दुसऱ्या कशात बोलत नाहीत. इमाम मुस्लिम त्यावर पुस्ती जोडतात की खोटं त्यांच्या जिभेवर येतं, ते मुद्दाम बोलत नाहीत. इमाम मालिक चार प्रकारच्या लोकांकडून हदीस घेत नसत. उघड मूर्खपणा करणारा, आपल्या पंथाचा प्रचार करणारा, हदीसीत नसलं तरी एरवी लोकांशी खोटं बोलणारा, आणि चौथा म्हणजे असा सद्गुणी म्हातारा ज्याला आपण काय सांगतोय हेच कळत नाही.

माझे मामू आलिम होते. हा चौथा प्रकार सांगताना गावातल्या काही बुजुर्गांकडे बघून गालात हसायचे.

रेवती_ग:
चौथा प्रकार आमच्याही घरी आहे. नाव सांगत नाही, या संकेतस्थळावर सदस्य आहेत.

गोष्टीवेल्हाळ:
हे काहीच नाही. इमाम बुखारी एका हदीसीसाठी शेकडो कोस गेले. बघतात तर तो माणूस रिकामा पदर पुढे करून, त्यात दाणे आहेत असं भासवून, सुटलेला घोडा पकडत होता. बुखारी तसेच मागे फिरले. जो जनावराला फसवतो तो माणसांना काय सोडेल!

बखरवाचक:
ही गोष्ट आपण कोणाकडून ऐकलीत?

गोष्टीवेल्हाळ:
प्रवचनात. प्रवचनकारांनी कुठेतरी वाचली असणार.

बखरवाचक:
म्हणजे साखळीत एक प्रवचनकार आणि एक 'कुठेतरी' :) ही गोष्ट सनदीशिवायच फिरते. बुखारींच्या पद्धतीवरची सगळ्यात लाडकी गोष्ट बुखारींच्याच पद्धतीत बसत नाही.

शिवाय नामवंत टीकाकारांना असल्या कारणांचं वावडं होतं. शुअबा इब्न अल-हज्जाज (मृत्यू इ.स. ७७६) हे इराकात रावींची रीतसर चौकशी सुरू करणारे पहिले गृहस्थ. त्यांनी मिन्हाल इब्न अम्र यांना सोडलं, का, तर त्यांच्या घरातून तंबोऱ्याचा आवाज आला. यावर पुढच्यांनी शुअबांनाच धारेवर धरलं. मिन्हाल घरी होते का, त्यांना ठाऊक होतं का, हे विचारलंत का? मिन्हाल यांच्या हदीसी बुखारींच्या संग्रहात आहेत. यातूनच नियम आला की दोषाचं कारण सांगितल्याशिवाय दोष धरायचा नाही, निदान ज्याला बाकीच्यांनी पक्का ठरवलंय त्याच्याबाबतीत तरी नाही.

मला या शास्त्रात सर्वांत आवडतात ते सशर्त निकाल. इजिप्तचे काझी इब्न लहीआ (मृत्यू इ.स. ७९०) घ्या. त्यांच्या वह्या जळाल्या आणि नंतर ते आठवणीवर सांगू लागले. म्हणून अब्दुल्ला इब्न मुबारक, अब्दुल्ला इब्न वहब अशा जुन्या शिष्यांनी त्यांच्याकडून घेतलेलं बरं धरतात, नंतरच्यांचं कच्चं. इस्माईल इब्न अय्याश हे सीरियाचे. सीरियन गुरूंकडून सांगितलं तर ठीक, हिजाज (मक्का-मदिनेचा भाग) आणि इराकच्या गुरूंकडून सांगितलं की गफलत. मअमर यांनी येमेनमध्ये सांगितलेलं पक्कं, बसऱ्यात सांगितलेल्यात चुका, कारण तिथे वह्या सोबत नव्हत्या. म्हणजे एकाच माणसावर गावानुसार, वयानुसार, गुरूनुसार वेगळा शेरा. पाणकोळींच्या दाखल्यावर एवढा मजकूर मावणार नाही.

पाणकोळी:
हे वाचून बरंच डोक्यात शिरलं. पण वह्या कधी जळाल्या, कोण कधी वारलं, हे यांना कसं कळायचं?

बखरवाचक:
त्यासाठीच तर त्या चरित्रकोशांत जन्ममृत्यूची सालं, गावं, प्रवास, गुरू, शिष्य यांची एवढी रेलचेल. सुफियान सौरी म्हणत, त्यांनी खोटं वापरलं तेव्हा आम्ही तारखा वापरल्या. वर आलेले इस्माईल इब्न अय्याशच बघा. एक जण सांगू लागला की मी खालिद इब्न मअदानकडून लिहून घेतलंय. यांनी विचारलं, कोणत्या साली? म्हणाला, हिजरी ११३. "म्हणजे ते वारल्यावर सात वर्षांनी. ते तर १०६लाच गेले."

खडूस_आजोबा:
धागा अजून घसरला नाही. नोंद घ्यावी.

चहाटळ:
घसरवतो. खलिफा अल-महदीला कबुतरं उडवायचा शौक. दरबारात गियास इब्न इब्राहीम आला. "बाण, उंट आणि घोडा यांखेरीज कशाची शर्यत लावू नये" अशी हदीस होती. पठ्ठ्याने शेवटी "किंवा पंख" जोडून दिलं. खलिफाने दहा हजार दिरहम दिले. तो वळला तसं म्हणाला, ही मान खोटं बोलणाऱ्याची आहे, आणि कबुतरांच्या माना कापायला लावल्या.

माझा प्रश्न: गियासला पैसे आणि कबुतरांना सुरी, हा कुठला न्याय?

संख्याशास्त्री:
आणि गियासला तिथल्या तिथे पकडलं कशाने? रावी म्हणून नाही, मजकूर सोयीचा होता म्हणून. मग मतनाची तपासणी वेगळी का नव्हती? सगळा भर माणसांवरच दिसतो.

दापोलीकर:
वेगळी दिसत नाही, पण होती. ती माणसाच्या शेऱ्यात विरघळलेली असायची. एखाद्याने इतर कोणी न सांगितलेलं विचित्र काही वारंवार सांगितलं की शेरा 'मुनकर-उल-हदीस'. शेरा माणसावर, पण कारण मजकूर. बुखारींच्या लिखाणात हा शेरा म्हणजे खेळ खल्लास. बुखारी शब्द मवाळ वापरायचे. "याच्याबद्दल विचार करावा लागेल" असं त्यांनी लिहिलं की समजायचं, गेला.

पाणकोळी:
पंथाचं काय? मालिक यांची दुसरी अट प्रचारकाची आहे. मग सुन्नी विद्वान शिया रावींना सरळ बाद करत असतील?

दापोलीकर:
सरळ नाही. कूफ्याचे अबान इब्न तगलिब कट्टर शिया. जहबी (मृत्यू इ.स. १३४८) लिहितात, पण खरा माणूस. त्याचा खरेपणा आमच्यासाठी, त्याचा पंथ त्याच्यापाशी. खुद्द बुखारींनी इम्रान इब्न हित्तानकडून आलेली हदीस घेतली आहे. हा खारिजी, म्हणजे खलिफा अलींविरुद्ध उठलेल्या पंथातला, आणि अलींना मारणाऱ्याची स्तुती करणारी कविता लिहिणारा. यावर आजतागायत काथ्याकूट चालू आहे. शियांचं स्वतःचं रावीशास्त्रही आहे. नजाशी आणि तूसी हे त्यातले अकराव्या शतकातले मोठे ग्रंथकार.

समकालीन लोकांच्या भांडणातले शेरेही जपून घ्यायचे असतात. पैगंबरांचं चरित्र लिहिणारे इब्न इसहाक (मृत्यू इ.स. ७६७च्या सुमारास) आणि इमाम मालिक यांचं वाकडं. मालिक त्यांना दज्जाल, म्हणजे महाठक, म्हणाले. शुअबांनी त्याच माणसाला हदीसशास्त्राचा सरदार म्हटलं. हिशाम इब्न उर्वा यांची तक्रार वेगळीच होती. इब्न इसहाक माझ्या बायकोकडून, फातिमा बिन्त अल-मुंजिर यांच्याकडून, हदीसी सांगतो, पण त्याने तिला पाहिलंच कधी?

रेवती_ग:
नवऱ्याला माहीत नाही म्हणून ते घडलंच नाही, हा युक्तिवाद बाराशे वर्षांपूर्वीही होता तर!

दापोलीकर:
हेच उत्तर तेव्हाही दिलं गेलं, ताई. पडद्याआडून ऐकलं असेल, हिशाम घरी नसताना ऐकलं असेल. शेवटी इब्न इसहाक यांच्याबद्दल बहुतेकांचं मत स्थिरावलं ते असं: माणूस खरा, पण तदलीस करतो. लढायांच्या इतिहासात आधार घ्यावा, हलाल-हरामच्या बाबतीत "मी ऐकलं" असं स्पष्ट म्हटलं असेल तरच.

स्त्रियांचा विषय निघालाच आहे म्हणून, जहबींनी कच्च्या रावींचा 'मीजान अल-इतिदाल' हा मोठा कोश केला. त्यात ते म्हणतात की खोटेपणाचा आरोप असलेली किंवा टाकून दिलेली एकही स्त्री मला माहीत नाही.

रेवती_ग:
प्रिंटआउट काढून फ्रिजवर लावते.

नांदेडकर:
एक अवांतर माहिती, पण आपल्याकडची. तुम्ही वर ज्या कोशांची नावं घेताय त्यातले कितीतरी छापून जगापुढे आले ते हैदराबादहून. निजामाच्या काळात १८८८मध्ये निघालेली दाइरतुल मआरिफ ही संस्था. बुखारींचा 'तारीख अल-कबीर', इब्न अबी हातिम यांचा 'अल-जर्ह वत्-तादील', इब्न हजर यांचा बारा खंडी 'तहजीब अल-तहजीब', सगळं तिथलं. हस्तलिखितं जुळवायला येमेनचे अब्दुर्रहमान मुअल्लिमी तिथे पंचवीसेक वर्षं राबले, मग मक्केच्या ग्रंथालयात गेले. मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात. माझ्या आजोबांना संस्थेचं नाव ठाऊक होतं, पण तिथे काय छापतात याचा पत्ता नव्हता.

बखरवाचक:
नांदेडकर, हे अवांतर अजिबात नाही.

आता मूळ प्रश्नाकडे, कारण 'अ'ला 'ब'चा आणि 'ब'ला 'क'चा दाखला, ही पाणकोळींची शंका अर्धीच सुटली आहे असं माझं मत. शिष्यांचे पाठ ताडून गुरूपर्यंत जाता येतं, मान्य. हिजरी दुसऱ्या शतकातले गुरू आणि त्यांचे शिष्य इथे ही पद्धत जोरकस आहे. पण मागे जाल तसे फाटे कमी होतात. पुष्कळ हदीसी एका माणसापाशी येऊन थांबतात आणि त्याच्यामागे एकच दोरी. तिथे कशाशी ताडणार? पाश्चात्य अभ्यासक योसेफ शाख्त यांनी १९५०मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं. त्यांच्या मते सनदी मागाहून मागे वाढवल्या गेल्या. त्यांचे सगळे निष्कर्ष मला पटत नाहीत. हाराल्ड मोत्स्की यांनी अब्दुर्रज्जाक यांच्या 'मुसन्नफ' या जुन्या हदीससंग्रहावर काम करून बराच मजकूर शाख्त म्हणत त्याहून जुना असल्याचं दाखवलं आहे. पण प्रश्न उरतोच. आणि सगळ्यात वरची कडी, पैगंबरांचे सहकारी, म्हणजे सहाबा, त्यांना सुन्नी शास्त्र तपासणीतूनच वगळतं. ते सगळे विश्वासू, हे आधीच ठरलेलं.

दापोलीकर:
सहाबांचं बरोबर आहे, तो श्रद्धेचा भाग आहे आणि तसं उघड लिहिलेलंही आहे. पण विश्वासू म्हणजे न चुकणारे असं नाही. हजरत आयेशांनी इतर सहाबांच्या चुका दुरुस्त केल्याच्या नोंदी आहेत.

एकच दोरी म्हणता तर हम्माम इब्न मुनब्बिह यांची वही बघा. हे अबू हुरैरा या सहाबींचे शिष्य, म्हणजे पहिल्या शतकातले. १३८ हदीसी. डॉ. मुहम्मद हमीदुल्लाह (हे पण हैदराबादचे, नांदेडकर!) यांनी दमास्कस आणि बर्लिनच्या हस्तलिखितांवरून ती १९५३मध्ये छापली. इब्न हंबल यांच्या 'मुसनद' या हदीससंग्रहात त्याच हदीसी जवळपास शब्दशः आहेत.

बखरवाचक:
ती वही आपल्यापर्यंत कोणामार्फत आली? हम्मामकडून मअमर, मअमरकडून अब्दुर्रज्जाक. आणि इब्न हंबल यांनी कोणाकडून घेतली? त्याच अब्दुर्रज्जाककडून. दोन्ही पाठ जुळतात याने अब्दुर्रज्जाकनंतर मजकूर बिघडला नाही हे सिद्ध होतं. त्याआधीचं नाही.

दापोलीकर:
अब्दुर्रज्जाकपर्यंत म्हणजे इ.स. ८२७. बुखारींच्या आधीची पिढी. एवढं सिद्ध झालं तरी "दोनशे वर्षांनी रचलं" वाल्यांना ते पचायला जड जातं.

बखरवाचक:
त्यांना जाईल. मी त्यांच्यातला नाही.

पाणकोळी:
मी दोघांच्या मधे उभा आहे आणि जागा बरी वाटतेय. एक सांगा, सामान्य वाचकाला एखाद्या रावीचा निकाल पटकन बघायचा असेल तर?

दापोलीकर:
इब्न हजर यांचा 'तकरीब अल-तहजीब'. साडेआठ हजारांहून जास्त रावी, एकेकाला एक-दोन ओळी. वर दर्ज्यांच्या बारा पायऱ्या दिल्या आहेत, सहाबांपासून खोटारड्यांपर्यंत. पण तो निकाल आहे, खटला नाही. कोण काय म्हणालं ते हवं असेल तर नांदेडकरांनी सांगितलेला 'तहजीब' उघडावा लागतो.

संख्याशास्त्री:
मला खटलाच बघायचाय. कोणत्या शिष्याने काय सांगितलं, कुठे फरक पडला, याचा कच्चा माल कुठे मिळेल? तक्ता करून बघतो.

दापोलीकर:
मग दारकुत्नी (मृत्यू इ.स. ९९५) यांचा 'इलल'. प्रत्येक प्रश्नाला ते शिष्यांची यादीच देतात. अमुक अमुक यांनी असं सांगितलं, तमुकने वेगळं, आणि यातलं बरोबर हे. बराचसा ग्रंथ त्यांनी आठवणीतून सांगितला आणि शिष्य अल-बरकानी यांनी लिहून काढला. तक्ता झाला की इथेच टाका, फक्त स्तंभ जरा जास्त धरा.